एका पैशाचा हिशेब : डॉ. बिधानचंद्र रॉय आणि कलकत्त्याची ट्राम

शहरातील सार्वजनिक वाहतुकीचा खर्च नेमका कोणी सोसावा, हा प्रश्न भारतीय राजकारणात कधीच निव्वळ अर्थशास्त्राचा राहिलेला नाही. प्रवाशाने तिकिटातून, कंपनीने नफ्यातून, महापालिकेने करातून, राज्याने तिजोरीतून की केंद्राने अनुदानातून, या पाच पर्यायांमध्ये प्रत्येक सरकार आपापल्या सोयीने येरझारा घालत असते. दिल्ली मेट्रोच्या भाडेवाढीवरून २०१७ मध्ये केंद्र आणि दिल्ली सरकार यांच्यात झालेला वाद हा या जुन्याच कलहाचा नवा अध्याय होता. त्याचा एक आरंभीचा आणि सर्वांत बोलका अध्याय लिहिला गेला तो १९५३ च्या जुलै महिन्यात, कलकत्त्यात. ट्रामच्या दुसऱ्या वर्गाच्या भाड्यात झालेल्या अवघ्या एका पैशाच्या वाढीने ते महानगर महिनाभर पेटले. त्या वेळी पश्चिम बंगालच्या मुख्यमंत्रिपदी होते डॉ. बिधानचंद्र रॉय. वैद्यकातील निदानासाठी देशभर ख्याती असलेल्या या माणसाला आपल्या शहराची नाडी तेवढ्या एका प्रसंगी सापडली नाही.

बिधानचंद्रांचा जन्म १ जुलै १८८२ रोजी पाटण्याजवळच्या बांकीपूर येथे झाला. वडील प्रकाशचंद्र सरकारी नोकरीत, आई अघोरकामिनी देवी समाजकार्यात बुडालेल्या, आणि घरावर ब्राह्मो समाजाच्या संस्कारांची गडद छाया. पाच भावंडांत बिधानचंद्र धाकटे. चौदाव्या वर्षी आई गेली. पाटण्यात गणित घेऊन पदवी संपादन केल्यावर त्यांनी अभियांत्रिकी आणि वैद्यक अशा दोन्ही महाविद्यालयांत अर्ज केले, दोन्हीकडे प्रवेश मिळाला आणि त्यांनी वैद्यक निवडले. १९०१ मध्ये ते कलकत्त्यास आले. त्यांच्यातला अभियंता मात्र पुढे आयुष्यभर जागा राहिला. धरणे, पोलाद कारखाने, नवी शहरे आणि भुयारी रेल्वे यांची स्वप्ने पाहणारा हा डॉक्टर होता.

कलकत्त्याच्या ट्रामशी त्यांचा पहिला संबंध आला तो साक्षीदार म्हणून. चरित्रकारांनी नोंदवलेला हा प्रसंग बंगालमध्ये घरोघरी सांगितला जातो. मेडिकल कॉलेजच्या दाराशी प्रसूतिशास्त्राचे प्राध्यापक कर्नल पेक यांच्या घोडागाडीची आणि ट्रामची टक्कर झाली. तरुण बिधानचंद्र तेथेच उभे होते. ट्राम बेफाम वेगात होती, अशी साक्ष त्यांनी द्यावी अशी प्राध्यापकांची अपेक्षा होती. चूक गाडीवानाची होती, असे त्यांचे प्रामाणिक मत होते आणि ते त्यांनी स्पष्टपणे सांगितले. परिणामी तोंडी परीक्षेत त्याच प्राध्यापकांनी त्यांना अनुत्तीर्ण केले. समोरची व्यक्ती कितीही मोठी असो, आपल्याला जे योग्य दिसते ते सोडायचे नाही, हा स्वभाव तेव्हाच घडला होता. पुढे मुख्यमंत्री झाल्यावर याच स्वभावाचा गुणही दिसला आणि दोषही.

१९०९ मध्ये जेमतेम बाराशे रुपये घेऊन ते इंग्लंडला गेले. लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयाने त्यांचा अर्ज एकदा नव्हे, अनेकदा नाकारला. ते पुनःपुन्हा अर्ज करीत राहिले. अखेर प्रवेश मिळाल्यावर सव्वादोन वर्षांच्या आत एमआरसीपी आणि एफआरसीएस या दोन्ही पदव्या मिळवून १९११ मध्ये ते परतले. त्यानंतरच्या दशकात त्यांनी वैद्यकीय अध्यापन केले, रुग्णसेवा केली आणि पूर्व भारतातील सर्वांत नामवंत डॉक्टर म्हणून नाव मिळवले. उद्योगांतही त्यांनी लक्ष घातले. शिलाँगला वीज पुरवणाऱ्या कंपनीच्या उभारणीत त्यांचा पुढाकार होता. भांडवल कसे उभे राहते, घसारा म्हणजे काय आणि यंत्रे जुनी झाली की काय होते, हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नाही. ट्राम कंपनीच्या ताळेबंदाकडे ते ज्या नजरेने पाहत, तिची मुळे येथे आहेत.

डॉक्टर ते महापौर

राजकारणात त्यांचा प्रवेश नाट्यमय होता. १९२३ च्या निवडणुकीत बराकपूर मतदारसंघातून त्यांनी सुरेंद्रनाथ बॅनर्जी यांच्यासारख्या राष्ट्रीय नेत्याचा पराभव केला. उमेदवारी अपक्ष होती, पाठबळ देशबंधू चित्तरंजन दासांच्या स्वराज्य पक्षाचे होते. १९२५ मध्ये दासांचे निधन झाल्यावर बंगाल काँग्रेसची सूत्रे ज्या पाच जणांच्या हाती गेली, त्यांत बिधानचंद्र एक होते. १९३० मध्ये सविनय कायदेभंगाच्या काळात कार्यकारिणीचे सदस्य म्हणून त्यांना तुरुंगवास घडला. १९३१ ते १९३३ या काळात ते कलकत्त्याचे महापौर होते, तर १९४२ ते १९४४ या काळात कलकत्ता विद्यापीठाचे कुलगुरू.

गांधीजींचे वैद्य म्हणून त्यांचे नाते महाराष्ट्राशीही जुळले. १९४३ च्या फेब्रुवारीत पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये गांधीजींनी एकवीस दिवसांचे उपोषण केले, तेव्हा त्यांच्या प्रकृतीवर लक्ष ठेवणाऱ्या डॉक्टरांमध्ये बिधानचंद्र होते. सत्तेची त्यांना ओढ होती असे म्हणता येणार नाही, परंतु जबाबदारी टाळण्याचाही स्वभाव नव्हता. जानेवारी १९४८ मध्ये प्रफुल्लचंद्र घोष यांच्या जागी ते पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री झाले आणि अखेरच्या श्वासापर्यंत, साडेचौदा वर्षे, त्या पदावर राहिले.

त्यांच्या वाट्याला आलेले राज्य फाळणीने चिरफाळलेले होते. ताग पिकवणारी जमीन पूर्व पाकिस्तानात गेली आणि तागाच्या गिरण्या हुगळीच्या काठी राहिल्या. १९५१ च्या जनगणनेत पश्चिम बंगालमध्ये सुमारे २१ लाख निर्वासित मोजले गेले. सियालदह स्थानकाच्या फलाटांवर कुटुंबेच्या कुटुंबे राहत होती. शहराच्या दक्षिणेस आणि उत्तरेस निर्वासितांच्या वसाहती उभ्या राहिल्या आणि तेथून डलहौसी चौकातील कचेऱ्यांपर्यंत रोज पोहोचणे हा लाखो माणसांच्या पोटाचा प्रश्न बनला. वाहतूक ही आता सोय राहिली नव्हती. नोकरी टिकणे न टिकणे तिच्यावर अवलंबून होते.

जुलै १९४८ मध्ये राज्य सरकारने कलकत्त्यात स्वतःची बससेवा सुरू केली. खासगी बसमालकांच्या मक्तेदारीला आळा बसावा आणि निर्वासित तरुणांना चालक-वाहक म्हणून काम मिळावे, असे दोन्ही हेतू त्यामागे होते. त्याच वर्षी १ जून रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर मुंबई प्रांताच्या एसटीची पहिली बस धावली होती. स्वातंत्र्यानंतरची राज्ये वाहतुकीकडे सरकारी कर्तव्य म्हणून पाहू लागली होती. प्रश्न होता पैशाचा.

तिजोरीतील खड्डा

येथे दिल्लीचा संबंध येतो. फाळणीपूर्वी प्राप्तिकराच्या राज्यांना मिळणाऱ्या वाट्यात बंगाल आणि मुंबई यांचा हिस्सा प्रत्येकी २० टक्के होता. फाळणीनंतर केंद्राने पश्चिम बंगालचा हिस्सा १२ टक्क्यांवर आणला आणि मुंबईचा २१ टक्के केला. बिधानचंद्रांनी त्याविरुद्ध दिल्लीदरबारी सतत तक्रार मांडली. प्रश्नाचा निवाडा चिंतामणराव देशमुख यांच्याकडे सोपवण्यात आला. १९५० च्या देशमुख निवाड्याने पश्चिम बंगालचा हिस्सा १३.५ टक्के ठरवला, मुंबईचा २१ टक्के कायम ठेवला. लोकसंख्या आणि भूभाग दोन्ही घटल्यावर जुना वाटा मागता येणार नाही, ही त्या निवाड्याची दिशा होती. कर कलकत्त्यात गोळा होतो, निर्वासितांचा भार कलकत्ता वाहते, मग वाटा का घटावा, ही बंगालची बाजू होती. दोन्ही बाजूंना तर्काचे बळ होते. परिणाम एवढाच झाला की, राज्याच्या राजधानीची गरज वाढत असताना राज्याची ऐपत आक्रसली.

ट्रामचा प्रश्न या पार्श्वभूमीवर पाहावा लागतो. कलकत्ता ट्रामवेज ही १८८० मध्ये लंडनला नोंदलेली कंपनी. १९०२ पासून तिच्या गाड्या विजेवर धावू लागल्या. मुंबईत ऑगस्ट १९४७ मध्ये महापालिकेने ट्राम, बस आणि वीज पुरवणारी बेस्ट कंपनी विकत घेऊन आपली केली. विजेच्या उत्पन्नातून बसची तूट भागवण्याची सोय त्यामुळे मुंबईला पुढे कित्येक दशके मिळाली. कलकत्त्याने दुसरा मार्ग धरला. तेथील महापालिका १९४८ मध्ये सरकारने बरखास्त करून प्रशासकाच्या हाती दिली होती. ट्राम विकत घेण्याचे जे अधिकार महापालिकेकडे होते, ते कंपनीशी झालेल्या कराराने आणि १९५१ च्या कायद्याने राज्य सरकारकडे आले. मात्र ट्राम लगेच ताब्यात घेण्यात आली नाही. १ जानेवारी १९७२ रोजी किंवा त्यानंतर, दोन वर्षांची पूर्वसूचना देऊन ती खरेदी करता येईल, असे ठरले. म्हणजे वीस वर्षे कंपनी ब्रिटिश भागधारकांचीच राहणार होती.

बिधानचंद्रांच्या दृष्टीने हा व्यवहारी निर्णय होता. निर्वासितांच्या पुनर्वसनाला पैसा पुरत नसताना ट्राम खरेदीसाठी परकी चलन कोठून आणायचे? दामोदर खोरे, दुर्गापूर, कल्याणी यांना प्राधान्य द्यायचे की जुन्या रुळांना? हिशेबाने पाहता उत्तर सोपे होते. परंतु या हिशेबात एक रकाना रिकामा राहिला. परदेशी कंपनीची मालकी कायम ठेवल्यावर तिच्या प्रत्येक भाडेवाढीचे राजकीय ओझे सरकारच्या खांद्यावर येणार होते. नफा लंडनला आणि रोष रायटर्स बिल्डिंगला, अशी ही विभागणी होती.

जुलै १९५३

१ जुलै १९५३ पासून दुसऱ्या वर्गाचे भाडे एका पैशाने वाढवण्याचे कंपनीने जाहीर केले. सरकारची त्यास संमती होती. योगायोग असा की, तो मुख्यमंत्र्यांचा एकाहत्तरावा वाढदिवस होता. त्या काळी रुपयाचे चौसष्ट पैसे होत, त्यामुळे वाढ रुपयाच्या चौसष्टाव्या भागाएवढी होती. ती सोसणारा प्रवासी मात्र कारकून, गिरणी कामगार, विद्यार्थी आणि निर्वासित होता. दिवसातून दोनदा आणि महिन्यातून पंचवीस दिवस तो एक पैसा त्याच्या खिशातून जाणार होता. पहिल्या वर्गाला धक्का न लावता दुसऱ्या वर्गाचे भाडे वाढवले गेले, ही बाब आर्थिक वाढीपेक्षाही अधिक झोंबली.

कम्युनिस्ट, फॉरवर्ड ब्लॉक, प्रजासमाजवादी आणि एसयूसी या एरवी एकमेकांचे तोंड न पाहणाऱ्या पक्षांनी भाडेवाढ प्रतिकार समिती स्थापन केली. हेमंतकुमार बसू, ज्योती बसू आदी नेते आघाडीवर होते. पहिले पाऊल अत्यंत साधे आणि म्हणूनच प्रभावी होते. प्रवाशांनी ट्राममध्ये चढायचे, जुनेच भाडे पुढे करायचे आणि वाढीव पैसा द्यायचा नाही. वाहकांची सहानुभूती प्रवाशांच्या बाजूने होती. कंपनीची वसुली कोसळली. त्यानंतर बहिष्कार, निदर्शने, हरताळ असा चढता क्रम लागला. ट्रामगाड्या जाळण्यात आल्या, जमावबंदी लागू झाली, अश्रुधूर आणि गोळीबार झाला, हजारोंना अटक झाली. १५ जुलैला सार्वत्रिक संप झाला. २२ जुलैला मैदानावर वार्तांकन करणाऱ्या पत्रकारांना पोलिसांनी मारहाण केली आणि तोवर सरकारकडे सहानुभूतीने पाहणारी वृत्तपत्रेही विरोधात गेली.

या काळात मुख्यमंत्री डोळ्यांच्या उपचारासाठी युरोपात होते आणि कारभार प्रफुल्लचंद्र सेन पाहत होते. महिन्याभरात सरकारला वाढ स्थगित करून चौकशीचा मार्ग स्वीकारावा लागला. एका पैशासाठी सरकारने पोलीस, तुरुंग आणि प्रतिष्ठा पणाला लावली होती. शेवटी पैसा मिळाला नाही आणि प्रतिष्ठाही गेली.

कंपनीचा दावा संपूर्णपणे खोटा होता, असे मानण्याचे कारण नाही. जुन्या गाड्या आणि रूळ बदलायला पैसा लागतो, वेतन वाढते, हे बिधानचंद्र जाणून होते. पण आंदोलकांचा प्रश्न त्याहून मूलभूत होता. कंपनीचे हिशेब जनतेपुढे न ठेवता, शहराच्या निर्वाचित प्रतिनिधींना न विचारता हा भार नेमका तळच्या वर्गावर का टाकला, याचे उत्तर सरकारपाशी नव्हते. भाडेवाढीचे समर्थन करण्यापूर्वी तिची चौकशी करणे आणि भडका उडाल्यावर चौकशी नेमणे, यांतील अंतर सरकारने त्या महिन्यात मोजले. पुढील काळात भाडेनिश्चितीसाठी स्वतंत्र समित्या नेमण्याची जी पद्धत देशभर रूढ होत गेली, तिची गरज कलकत्त्याने फार लवकर दाखवून दिली होती.

दूरचे दिसणारा नेता

हे सारे असूनही बिधानचंद्रांना वाहतुकीची दृष्टी नव्हती, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. १९४९ मध्ये, देशात कोणाच्या मनातही नव्हते तेव्हा, त्यांनी कलकत्त्याच्या भुयारी रेल्वेचे सर्वेक्षण फ्रेंच तज्ज्ञांकडे सोपवले. पैशाअभावी ती योजना कागदावर राहिली. डिसेंबर १९५७ मध्ये हावडा-शेवडाफुली मार्गावर विजेची उपनगरी गाडी सुरू झाली, तेव्हा पंडित नेहरू उद्घाटनास आले होते. उपनगरे शहराशी जोडल्याशिवाय कलकत्त्याची कोंडी फुटणार नाही, हे मुख्यमंत्र्यांचे सूत्र होते. १९६० मध्ये बससेवेचे कलकत्ता राज्य परिवहन महामंडळात रूपांतर झाले. १९६१ मध्ये महानगर नियोजन संघटना स्थापन झाली आणि शहराचा, उपनगरांचा आणि वाहतुकीचा एकत्र विचार करणारी यंत्रणा देशात प्रथमच आकाराला आली.

मतदार मात्र भुयारी रेल्वेच्या आराखड्यावर मत देत नव्हता. १९५६ मध्ये बंगाल-बिहार विलीनीकरणाची योजना त्यांनी मांडली. महाराष्ट्रात संयुक्त महाराष्ट्राचा लढा पेटलेला असतानाच बंगालमध्येही भाषिक अस्मिता उसळली आणि पोटनिवडणुकीतील पराभवानंतर ती योजना मागे घ्यावी लागली. १९५७ च्या निवडणुकीत बहूबाजार मतदारसंघात त्यांच्यासमोर कम्युनिस्ट पक्षाने मोहंमद इस्माईल यांना उभे केले. इस्माईल हे ट्राम कामगारांचे नेते. देशातील सर्वांत सामर्थ्यशाली मुख्यमंत्र्यांपैकी एक असलेल्या बिधानचंद्रांना त्यांच्याविरुद्ध जेमतेम पाचशेच्या आसपास मतांनी निसटता विजय मिळाला. चार वर्षांपूर्वीच्या एका पैशाची वसुली मतपेटीतून जवळजवळ पूर्ण झाली होती.

फेब्रुवारी १९६१ मध्ये त्यांना भारतरत्न देण्यात आले. १ जुलै १९६२ रोजी, ऐंशीव्या वाढदिवशी, त्यांचे कलकत्त्यात निधन झाले. ते अविवाहित होते. राहते घर त्यांनी आईच्या नावे रुग्णसेवेसाठी दिले. त्यांचा जन्म आणि मृत्यू दिन १९९१ पासून देशभर डॉक्टर दिन म्हणून पाळला जातो. खाऱ्या पाण्याच्या दलदलीवर भराव घालून उभ्या राहिलेल्या उपनगराला पुढे त्यांचे नाव मिळाले.

वारसा आणि त्याची किंमत

त्यांच्यानंतरचा इतिहास या वादाचे स्वरूप अधिक उघड करतो. १९६७ मध्ये काँग्रेसचा पराभव होऊन संयुक्त आघाडी सत्तेवर आली आणि तिने ट्राम कंपनीचे व्यवस्थापन ताब्यात घेतले. वाहतूक आणि अर्थ ही दोन्ही खाती तेव्हा ज्योती बसूंकडे होती. १९७६ मध्ये कंपनी पूर्णतः सरकारच्या मालकीची झाली. म्हणजे शत्रू म्हणून दाखवायला आता लंडनचा भागधारक उरला नाही. तूट मात्र उरली. तीच तूट भरण्यासाठी डाव्या आघाडीच्या सरकारनेही भाडी वाढवली आणि १९९० मध्ये भाडेवाढविरोधी निदर्शकांवर कलकत्त्यात पोलिसांनी गोळी चालवली, त्या वेळी मुख्यमंत्रिपदी ज्योती बसूच होते. मालकी बदलली म्हणजे खर्च नाहीसा होत नाही, हा धडा दोन्ही पक्षांना एकाच शहराने शिकवला.

भुयारी रेल्वेचे स्वप्न दिल्लीच्या पैशाने साकारले. १९७२ मध्ये इंदिरा गांधींनी पायाभरणी केली आणि २४ ऑक्टोबर १९८४ रोजी देशातील पहिली मेट्रो एस्प्लनेड ते भवानीपूर धावली. ती रेल्वे खात्याने बांधली आणि रेल्वेच्याच मालकीची राहिली. त्यामुळे तेथील तूट रेल्वेच्या अर्थसंकल्पात मुरते. दिल्लीने १९९५ मध्ये केंद्र आणि राज्य यांच्या समान भागभांडवलाचे महामंडळ स्थापून, जपानी कर्ज घेऊन दुसरा नमुना घालून दिला आणि अन्य शहरांनी तो कमीअधिक प्रमाणात स्वीकारला. या नमुन्यात भाडे स्वतंत्र समिती ठरवते. २०१७ च्या वादाने दाखवले की, समिती स्वतंत्र असली तरी तिकिटाचा राग मतदार निवडून दिलेल्या सरकारवरच काढतो.

ट्रामची कहाणी मात्र विरत गेली. मुंबईची ट्राम ३१ मार्च १९६४ रोजी थांबली. कोलकात्यात ती दीर्घकाळ तग धरून राहिली, पण मार्ग एकामागून एक बंद होत गेले. २०२४ मध्ये राज्य सरकारने वारसा म्हणून एक छोटा फेरा ठेवून उर्वरित सेवा संपवण्याचा मनोदय जाहीर केला. ज्या ट्रामच्या एका पैशासाठी शहर रस्त्यावर उतरले होते, तिला वाचवण्यासाठी आता मूठभर ट्रामप्रेमी झगडत आहेत.

बिधानचंद्र रॉय यांच्या चरित्रात १९५३ चा जुलै हा एक छोटा परिच्छेद ठरतो. दुर्गापूर, कल्याणी, रुग्णालये आणि महाविद्यालये यांच्या यादीपुढे तो सहज झाकला जातो. परंतु दिल्लीतील मंत्रालयांत, राज्यांच्या वाहतूक भवनांत आणि महापालिकांच्या स्थायी समित्यांत भाडेवाढीचे प्रस्ताव मांडणाऱ्यांसाठी हाच परिच्छेद अधिक उपयोगाचा आहे. तुटीचे आकडे खरे असू शकतात, वाढ क्षुल्लक असू शकते आणि प्रस्ताव मांडणारा नेता निःस्वार्थीही असू शकतो. तरीही हा भार कोणावर आणि का, याचे उत्तर आधी दिले नाही, तर एक पैसाही महाग पडतो.